न्यू यॉर्कचं रॉक्सी थिएटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिकेत सिनेमासाठी जे महाल उभे राहिले, त्यांत रॉक्सीइतका बोलबाला दुसऱ्या कुणाचाच झाला नाही. आणि पाडल्या गेलेल्या थिएटरांमध्ये रॉक्सीइतकी हळहळही फार थोड्यांच्या वाट्याला आली. ही वास्तू कशी बांधली होती आणि ती का गेली, या दोन गोष्टींभोवतीच लोकांचे बहुतेक प्रश्न फिरतात. माझ्या मते या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: ज्या जमिनीवर ती उभी होती त्या जमिनीच्या हिशोबात. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

रॉक्सी नेमकं कुठे होतं? किती वर्षं चाललं?

मॅनहॅटनमध्ये, टाइम्स स्क्वेअरच्या जरा उत्तरेला, पश्चिम ५० व्या रस्त्यावर, सहाव्या आणि सातव्या अव्हेन्यूच्या मधे. ११ मार्च १९२७ ला पहिला खेळ झाला, २९ मार्च १९६० ला शेवटचा. त्याच उन्हाळ्यात पाडकाम सुरू झालं. म्हणजे एकूण आयुष्य ३३ वर्षांचं.

रॉक्सी हे माणसाचं नाव होतं का?

टोपणनाव होतं. सॅम्युएल रोथाफेल यांना सगळे रॉक्सी म्हणत. जन्म १८८२ चा, मिनेसोटा राज्यातला. पेनसिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट सिटी नावाच्या छोट्या गावात एका दारूच्या गुत्त्यामागच्या खोलीत त्यांनी सिनेमे दाखवायला सुरुवात केली. तिथून न्यू यॉर्कला आले आणि एकामागून एक थिएटरांचा कायापालट करत गेले: १९१३ मध्ये रीजंट, पुढच्या वर्षी स्ट्रँड, मग रियाल्टो, रिव्होली आणि १९२० मध्ये कॅपिटॉल. सिनेमा मूक होता, पण त्यांच्या थिएटरात तो शांततेत कधीच दाखवला गेला नाही. पूर्ण ऑर्केस्ट्रा, बॅले, गायन, प्रकाशयोजना आणि या सगळ्याच्या मधे चित्रपट, असा कार्यक्रम ते बसवायचे. कॅपिटॉलमधून त्यांनी रेडिओवर कार्यक्रम सुरू केला आणि ज्यांनी न्यू यॉर्क कधी पाहिलं नव्हतं त्यांनाही हा आवाज ओळखीचा झाला.

१९२५ मध्ये हर्बर्ट ल्यूबिन या निर्मात्याला जगातलं सर्वांत मोठं सिनेमागृह बांधायचं होतं. त्याने रोथाफेलना गाठलं. भरभक्कम पगार, नफ्यात वाटा, कंपनीचे शेअर आणि वर थिएटरला त्यांचंच नाव, असा प्रस्ताव ठेवला. ते हो म्हणाले.

किती मोठं होतं?

सुमारे ५,९०० खुर्च्या. खर्च १ कोटी २० लाख डॉलर, म्हणजे ठरलेल्या अंदाजापेक्षा २५ लाख जास्त. शिकागोचे वास्तुविशारद वॉल्टर अल्श्लागर यांनी आराखडा केला आणि आतली सजावट हॅरोल्ड रॅम्बुश यांच्याकडे होती. रॅम्बुश घराण्याची पेढी चर्चच्या सजावटीसाठी नावाजलेली होती आणि त्या हाताची छाप रॉक्सीवर पडलेली दिसते.

सभागृह तिरकं बसवलं होतं म्हणतात. ते का?

रॉक्सीबद्दल एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारावा. बाकीचं सगळं इथून सुरू होतं.

प्लॉट वेडावाकडा होता. शिवाय सातव्या अव्हेन्यूकडची दर्शनी बाजू, म्हणजे जागेचा सर्वांत महाग तुकडा, थिएटरला मिळालीच नव्हती. तिथे त्याच वेळी मँगर हॉटेल उभं राहत होतं, ज्याचं नाव पुढे टाफ्ट झालं. थिएटरच्या वाट्याला आली हॉटेलमागची, ५० व्या रस्त्याला लागून असलेली जमीन. अशा जागेत नेहमीसारखं सरळ सभागृह काढलं असतं, म्हणजे एका टोकाला रंगमंच, समोर खुर्च्यांच्या रांगा आणि दोन्ही बाजूंना पॅसेज, तर हव्या तेवढ्या खुर्च्या बसल्याच नसत्या.

अल्श्लागरनी सभागृहाचा अक्षच कर्णावर फिरवला. रंगमंच प्लॉटच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि तिथून खुर्च्या पंख्यासारख्या समोरच्या कोपऱ्याकडे पसरत नेल्या. कर्ण ही चौकोनातली सर्वांत लांब रेघ, त्यामुळे सभागृहाला जास्तीत जास्त खोली मिळाली. तिरकस बसवल्यामुळे कडेला जे त्रिकोणी तुकडे उरले तेही वाया गेले नाहीत. इंच न इंच कामाला लावला होता. नुसता नकाशा पाहिला तरी या माणसाच्या बुद्धीचं कौतुक वाटतं.

पण याची किंमत मोजली ती रंगमंचाने. कोपऱ्यात गेल्यामुळे तो रुंद भरपूर झाला, पण खोली मिळाली नाही. विंगेत जागा अपुरी. मोठं नेपथ्य आत ढकलायचं, दुसरं बाहेर काढायचं, यासाठी जी मोकळी जागा लागते ती नव्हतीच. जवळपास सहा हजार माणसं बसतील अशा थिएटरला त्या मानाने फारच उथळ रंगमंच मिळाला. उद्घाटनाच्या वेळी याची कुणाला फारशी फिकीर नसावी. पुढे मात्र हीच गोष्ट आडवी आली. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

मुख्य रस्त्यावर जागाच नव्हती, तर लोक आत कसे यायचे?

हॉटेलच्या पोटातून. सातवी अव्हेन्यू आणि ५० वा रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, हॉटेलच्या तळमजल्यात थिएटरचं प्रवेशद्वार होतं. तिथून एक लांब लॉबी हॉटेलच्या खालून जायची आणि मग एकदम खांबांच्या गोल दालनात उघडायची. या दालनाला ग्रँड फॉयर म्हणत. आधी लांबट, आटोपशीर वाट आणि लगेच डोक्यावर कित्येक मजले उंच मोकळी जागा! अडचणीतून काढलेली वाटच या वास्तूचा सर्वांत प्रभावी भाग ठरली. दर्शनी बाजू मिळाली असती तर कदाचित इतकं नाट्य साधलंही नसतं.

या दालनात अंडाकृती गालिचा होता आणि जगातला सर्वांत मोठा अंडाकृती गालिचा अशी त्याची जाहिरात व्हायची. तो न्यू यॉर्क राज्यातल्याच अ‍ॅम्स्टरडॅम गावात मोहॉक कंपनीने विणला होता. वरच्या सज्जात एक स्वतंत्र पाइप ऑर्गन होता, फक्त दालनात थांबलेल्या लोकांसाठी. पुढच्या खेळाची वाट पाहणाऱ्या गर्दीलाही आपण बाहेर तिष्ठत उभे आहोत असं वाटू नये, हा रोथाफेलांचा आग्रह त्यात दिसतो.

सभागृहाची शैली कोणती? आर्ट डेको का?

नाही, हा गैरसमज फार आढळतो. आर्ट डेको म्हणजे पलीकडचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल, पाच वर्षांनंतरचा. रॉक्सीचं सभागृह स्पॅनिश वळणाचं होतं: सोनेरी मुलामा, गच्च भरलेलं कोरीवकाम आणि जोडीला चर्चची आठवण करून देणाऱ्या कमानी. रोथाफेल स्वतः या थिएटरला ‘चलच्चित्रांचं कॅथीड्रल’ म्हणत आणि सजावटीने तो दावा शब्दशः मनावर घेतला होता. १९२९ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात हेलन होकिन्सन यांचं एक व्यंगचित्र आलं. त्यात अशाच भव्य दालनात उभी असलेली लहान मुलगी आईला विचारते, देव इथेच राहतो का? ते चित्र आजही रॉक्सीच्या नावाशी जोडलेलं आहे.

शुद्ध शैलीच्या अभ्यासकांना हे सगळं फार भडक वाटायचं. मला ती टीका पटत नाही. दिवसभर कचेरीत टंकलेखन करून आलेल्या मुलीला काही तास राजवाड्यात बसल्याचं सुख देणं हे या वास्तूचं काम होतं आणि ते तिने चोख बजावलं.

पडद्यामागे काय काय होतं?

एक लहान गावच होतं. खाजगी मेकअप खोल्यांचे दोन मजले आणि समूहातल्या नर्तक-गायकांसाठी आणखी तीन. तालमीची मोठी दालनं, कपडेपट, धुलाईखाना, न्हावी, केशभूषाकार, सगळ्या साधनांनिशी दवाखाना, खेळात काम करणाऱ्या प्राण्यांसाठी कोंडवाडा. १०० जणांचं खाजगी प्रदर्शनगृह. कर्मचाऱ्यांसाठी उपाहारगृह, व्यायामशाळा, बिलियर्ड खोली, वाचनालय, आणि दोन खेळांच्या मधे डुलकी काढायला एक झोपायची खोलीही.

जागा दाखवणाऱ्या गणवेशातल्या पोरांची शिस्त तर लष्करी थाटाची होती. रॉक्सीचा अशर म्हणजे कडक इस्त्री आणि अदब, अशी त्यांची ख्याती शहरभर झाली.

प्रोजेक्टर बाल्कनीत होता हे खरं का?

हो. नेहमीच्या थिएटरात प्रोजेक्टरची खोली मागच्या भिंतीत अगदी वर असते. सभागृह जितकं उंच आणि खोल, तितका प्रकाशाचा झोत पडद्यावर उतरत्या कोनात पडतो आणि चित्र खाली रुंद, वर अरुंद असं विकृत होतं. रॉक्सीमध्ये तर हा दोष फारच जाणवला असता. म्हणून खोली बाल्कनीच्या पुढच्या कठड्यातच आत बसवली. झोत जवळजवळ सरळ पडू लागला, पडद्यापर्यंतचं अंतरही कमी झालं. त्या काळातलं सर्वांत रेखीव चित्र रॉक्सीच्या पडद्यावर दिसायचं, असं मानलं जातं. गालिचे, मुलामा यांच्या वर्णनात ही गोष्ट मागे पडते, पण सिनेमा पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही रॉक्सीची खरी देणगी.

पहिल्या रात्री काय झालं?

दिवे मंदावले. साधूसारखा झगा घातलेली एक आकृती रंगमंचावर आली, हातातल्या गुंडाळीतून वास्तूला उद्देशून प्रार्थना म्हटली आणि शेवटी प्रकाश होऊ दे अशी आज्ञा केली. त्यासरशी दिवे उजळले. रॉक्सीचा ऑर्केस्ट्रा ११० वादकांचा होता आणि त्याचा पिट, म्हणजे रंगमंचासमोरची वादकांची बसायची जागा, यंत्रावर वर-खाली होत असे. किंबॉल कंपनीच्या पाइप ऑर्गनला तीन वेगवेगळे वादनमंच होते, म्हणजे एकाच ऑर्गनवर तीन वादक एकाच वेळी बसू शकत. खालून वर येणारे हे वादक हा स्वतःच एक खेळ होता.

चित्रपट होता ‘द लव्ह ऑफ सुन्या’. निर्माती आणि नायिका ग्लोरिया स्वॉन्सन. त्या स्वतः हजर होत्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

इतक्या थाटात उघडलेल्या थिएटरची आर्थिक बाजू कशी होती?

पहिल्या दिवसाआधीच कोसळलेली. खर्च हाताबाहेर गेला आणि ल्यूबिन दिवाळखोरीच्या काठावर आला. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी त्याने आपला हिस्सा ५० लाख डॉलरना फॉक्स चित्रपट कंपनीचे मालक विल्यम फॉक्स यांना विकला. रोथाफेलना न्यू यॉर्कमध्ये रॉक्सी थिएटरांची मालिका उभारायची होती, ते स्वप्न तिथेच संपलं. त्यातलं एकच दुसरं थिएटर प्रत्यक्षात आलं आणि तेही वेगळ्या नावाने. १९२९ च्या मंदीत फॉक्सचं साम्राज्यही ढासळलं आणि १९३२ मध्ये रॉक्सी न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात गेलं.

बोलपट आल्यावर ऑर्केस्ट्राचं काय झालं?

इथे एक योगायोग आहे. फॉक्स यांना आवाजी चित्रणात रस होता आणि त्यांची मूव्हीटोन वार्तापट कंपनी नुकतीच कामाला लागली होती. २० मे १९२७ च्या सकाळी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी एकट्याने अटलांटिक ओलांडण्यासाठी न्यू यॉर्कहून पॅरिसकडे उड्डाण केलं. त्या उड्डाणाचं आवाजासकट चित्रण त्याच रात्री रॉक्सीच्या पडद्यावर दाखवलं. लिंडबर्ग तेव्हा अजून समुद्रावरच होते. इंजिनाची घरघर ऐकून प्रेक्षक उभे राहिले. थिएटर उघडून अजून तीन महिनेही झाले नव्हते आणि ज्या मूक चित्रपटासाठी ११० वादकांचा पिट बांधला होता, त्याचे दिवस भरत आल्याची ही खूण होती. संगीत मात्र लगेच थांबलं नाही. चित्रपटाच्या जोडीला जिवंत कार्यक्रम ही रॉक्सीची ओळख जवळजवळ अखेरपर्यंत टिकली. तिचा खर्चही टिकला.

रोथाफेल स्वतःचंच थिएटर सोडून का गेले?

१९३१ मध्ये त्यांना रॉकफेलर सेंटरचं बोलावणं आलं. रॉक्सीसमोरच, सहावी अव्हेन्यू ओलांडली की पलीकडे, एका संकुलात दोन नवी थिएटरं बांधायची होती आणि त्यांचा कर्ताधर्ता म्हणून त्यांना नेमलं. त्यांच्याबरोबर संगीत दिग्दर्शक एर्नो रापे गेले, निर्माते लिऑन लिओनिडॉफ गेले आणि रसेल मार्कर्ट यांचा नृत्यसमूहही गेला. रॉक्सीत रॉक्सिएट्स म्हणून गाजलेल्या याच मुली पुढे रॉकेट्स म्हणून जगप्रसिद्ध झाल्या. थोडक्यात, इमारत मागे राहिली आणि तिचा सगळा जीव रस्त्यापलीकडे निघून गेला.

२७ डिसेंबर १९३२ ला रेडिओ सिटी म्युझिक हॉल उघडला. तिथे रंगमंच भव्य होता, खाली-वर सरकणाऱ्या भागांचा होता. रॉक्सीत जे जमलं नव्हतं ते रोथाफेलनी इथे मागून घेतलं, हे उघड आहे. पण त्यांना ते लाभलं नाही. १९३४ पर्यंत ते तिथूनही बाहेर पडले आणि जानेवारी १९३६ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी वारले.

मग ‘आरकेओ रॉक्सी’ कुठलं? दोन रॉक्सी होते का?

काही काळ होते. रॉकफेलर सेंटरमधल्या दुसऱ्या, लहान थिएटरला आरकेओ या चित्रपट कंपनीच्या नावासकट आरकेओ रॉक्सी असं नाव दिलं होतं. मूळ रॉक्सीचे मालक न्यायालयात गेले आणि जिंकले. माणूस गेला तरी नाव इमारतीकडे राहिलं. त्या दुसऱ्या थिएटरचं नाव सेंटर थिएटर झालं आणि १९५४ मध्ये तेही पाडलं गेलं. जुनी छायाचित्रं किंवा जाहिराती पाहताना या दोघांची गल्लत होते, तेव्हा पत्ता तपासून घ्यावा.

शेवटची वीस वर्षं कशी गेली?

चाळीसचं दशक चांगलं गेलं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे मोठे चित्रपट इथे लागायचे आणि सोबतच्या कार्यक्रमात कार्मेन मिरांडा, निकोलस बंधू असे कलाकार असायचे. १९४८ मध्ये रंगमंचावर बर्फ गोठवण्याची सोय केली आणि स्केटिंगचे खेळ सुरू झाले. सप्टेंबर १९५० मध्ये न्यू यॉर्क फिलहार्मोनिक हा नामवंत वाद्यवृंद दिमित्री मित्रोपूलोस यांच्या नेतृत्वाखाली दोन आठवडे चित्रपटाबरोबर दिवसाला चार खेळ वाजवून गेला. १६ सप्टेंबर १९५३ ला सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीतला पहिला चित्रपट ‘द रोब’ इथेच झळकला.

त्यानंतर उतार लागला. १९५८ मध्ये सिनेमिरॅकल या आणखी रुंद पडद्याच्या पद्धतीसाठी सभागृहाची फेररचना केली आणि खुर्च्या निम्म्याहून कमी झाल्या. ज्या थिएटरचा जन्मच खुर्च्यांची संख्या वाढवण्यासाठी झाला, त्याने आपल्या अर्ध्या खुर्च्या स्वतःहून काढून टाकाव्यात, यावरून प्रेक्षक किती आटले होते ते कळतं.

बंद पडण्याचं कारण टीव्हीच ना?

टीव्ही होताच, पण त्या एकट्यावर सगळं ढकलणं सोपं आहे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि स्टुडिओंना आपल्या मालकीची थिएटरं वेगळी करावी लागली. तोवर रॉक्सीला चित्रपट घरचा मिळत होता आणि स्टुडिओलाही आपलं थिएटर जगवण्यात रस होता. तो धागा सुटला. दुसरीकडे मध्यमवर्ग उपनगरांत राहायला गेला आणि संध्याकाळी शहराच्या मध्यभागी येणारी गर्दी ओसरली. जिवंत कार्यक्रमाचा खर्च मात्र रिकाम्या खुर्च्या पाहून कमी होत नाही. वादक, नर्तक, कपडेपट, रंगमंचावरचे कामगार, सगळ्यांचा पगार तोच.

आणि हे सगळं चालू असताना पायाखालच्या जमिनीचा भाव चढत होता.

‘हवेचे हक्क’ विकले म्हणजे काय?

एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाच्या, भाषेत विचार केला की हे लगेच समजेल.

न्यू यॉर्कमध्ये तेव्हा १९१६ ची बांधकाम नियमावली लागू होती. इमारत जसजशी उंच होईल तसतशी तिने रस्त्यापासून मागे सरकायचं, हा तिचा गाभा. पण एक सवलत होती: प्लॉटच्या एक चतुर्थांश क्षेत्रावर मनोरा हवा तितका उंच न्यावा. म्हणजे मनोऱ्याचा घेर प्लॉटच्या आकारावर ठरायचा. समजा प्लॉट १०० भागांचा असेल, तर मनोरा २५ भागांवर. शेजारचा ६० भागांचा प्लॉट हिशोबात धरता आला, तर एकूण १६० आणि मनोरा ४० भागांवर. शेजारच्या प्लॉटवर फक्त उंच काही बांधायचं नाही.

सहाव्या अव्हेन्यूवर, रॉक्सीच्या पाठीला लागून, रॉकफेलर सेंटरला ४८ मजली टाइम-लाइफ इमारत बांधायची होती. रॉक्सी त्यांच्या नेमकं कामाचं होतं: शेजारी, मोठ्या प्लॉटवर, आणि उंचीने ठेंगणं. पन्नासच्या दशकाच्या मध्यात त्यांनी ते विकत घेतलं. थिएटर चालवण्याची हौस त्यामागे नव्हती, त्याच्या डोक्यावरची न वापरलेली उंची हवी होती. १९५९ मध्ये टाइम-लाइफ इमारत पूर्ण झाली. पुढच्या वर्षी थिएटरही गेलं आणि तिथे टाफ्ट हॉटेलचा विस्तार आणि कार्यालयांची इमारत आली.

याच जमिनीवर अल्श्लागरनी कर्ण साधून, कोपरे भरून, शक्य तितक्या खुर्च्या कोंबल्या होत्या. पण ते सगळं जमिनीलगत पसरलेलं होतं. वर आकाश मोकळं होतं आणि शेवटी त्या आकाशाचा भाव खालच्या सहा हजार खुर्च्यांपेक्षा जास्त निघाला.

कायद्याने वाचवता आलं नसतं का?

१९६० मध्ये तसा कायदाच नव्हता. न्यू यॉर्कचा वारसा वास्तूंचा कायदा आला एप्रिल १९६५ मध्ये, पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडल्यावर उठलेल्या संतापानंतर. त्यातही सुरुवातीला फक्त बाहेरच्या रूपाला संरक्षण होतं. इमारतीच्या आतल्या भागाला संरक्षण देण्याची तरतूद १९७३ ची. रॉक्सीचं वैभव जवळजवळ सगळं आत होतं. बाहेरून पाहिलं तर एक हॉटेल आणि बाजूला विटांची मोठी भिंत, एवढंच. म्हणजे १९६५ चा कायदा आधी आला असता तरी तो पुरला नसता. रेडिओ सिटी १९७८ मध्ये बंद व्हायच्या बेतात होता, तो या आतल्या संरक्षणामुळे आणि लोकांच्या आग्रहामुळे वाचला.

कायदा सोडा, दुसऱ्या कामासाठी वापर झाला असता का? नाटक, ऑपेरा, मैफली?

माझं मत: फार अवघड होतं. इथे तो उथळ रंगमंच आडवा येतो. ऑपेरा किंवा मोठ्या संगीतिकेला विंगेत आणि मागे खोल जागा लागते, ती रॉक्सीत नव्हती आणि कोपऱ्यात असल्याने वाढवताही येत नव्हती. मैफलींसाठी, विशेषतः पुढच्या दशकातल्या रॉक संगीतासाठी, कदाचित ते उत्तम ठरलं असतं. पण १९६० मध्ये तो बाजार अजून जन्मालाच आला नव्हता. दहा-पंधरा वर्षं कसंबसं तगून राहिलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं, आणि माझी खरी हळहळ याचीच आहे.

याच सुमारास इतरही मोठी थिएटरं गेली. फिलाडेल्फियाचं मास्टबॉम १९५८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचं फॉक्स १९६३ मध्ये, रोथाफेलांचं जुनं कॅपिटॉल १९६८ मध्ये. शहराच्या मध्यावरची जमीन आणि हजारो खुर्च्या हे गणित सगळीकडेच बिघडलं होतं.

भग्न रॉक्सीतल्या नटीचं ते प्रसिद्ध छायाचित्र कुणाचं?

ग्लोरिया स्वॉन्सन यांचं. छायाचित्रकार एलियट एलिसोफॉन यांनी १४ ऑक्टोबर १९६० ला ‘लाइफ’ नियतकालिकासाठी ते काढलं. पाडकाम चालू होतं. विटा, वाकलेल्या सळया आणि तुटलेल्या गिलाव्याच्या ढिगाऱ्यात स्वॉन्सन काळ्या तलम पोशाखात, पिसांची शाल घेऊन, दोन्ही हात उंच पसरून उभ्या आहेत. मागे अर्धी उरलेली कमान आणि तिच्यातून येणारा दिवसाचा उजेड. पहिल्या रात्री याच वास्तूच्या पडद्यावर झळकलेली नायिका ती, तेव्हा २७ वर्षांची आणि आता ६१ वर्षांची.

या छायाचित्राला निव्वळ करुण म्हणावंसं मला वाटत नाही. त्यांची मुद्रा बघा: पडलेल्या थिएटरात त्या अजूनही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा अभिनय करत आहेत. ब्रॉडवेवरच्या १९७१ च्या ‘फॉलीज’ या संगीतिकेची कल्पना फुलवण्यात या छायाचित्राचा वाटा होता.

भारतातल्या रॉक्सी थिएटरांचा याच्याशी काही संबंध?

मालकीचा नाही, नावाचा आहे. न्यू यॉर्कच्या रॉक्सीचा दबदबा एवढा होता की जगभर थिएटरांना ते नाव दिलं गेलं. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ रॉक्सी होतं आणि कोलकात्याच्या रॉक्सीत १९४३ चा ‘किस्मत’ तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

आज तिथे गेलं तर काय पाहायला मिळतं?

सभागृहाचं काहीच नाही. टाफ्ट हॉटेलची इमारत मात्र सातव्या अव्हेन्यूवर उभी आहे आणि ज्या कोपऱ्यातून लोक आत शिरायचे तो कोपराही जागेवर आहे, फक्त आत थिएटर नाही.

रॉक्सीचा अंदाज घ्यायचा असेल तर तिथून उत्तरेला, ब्रॉडवेवर ७४ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बीकन थिएटरला जा. रोथाफेलांच्या फसलेल्या मालिकेतलं दुसरं थिएटर ते हेच. आराखडा अल्श्लागरांचाच, इथेही शेजारी हॉटेल, आणि २४ डिसेंबर १९२९ ला उघडलेलं. खुर्च्या सुमारे २,९००, म्हणजे रॉक्सीच्या निम्म्या. १९७९ मध्ये त्याच्या अंतर्भागाला वारशाचा दर्जा मिळाला आणि २००९ मध्ये मोठी डागडुजी पूर्ण झाली. आता तिथे गाण्याचे आणि विनोदाचे कार्यक्रम होतात, त्यामुळे आत जायला तिकीट काढावं लागतं. दार उघडायच्या वेळेलाच पोचा, थेट खुर्चीकडे जाऊ नका. आधी गोल लॉबीत थांबून वर बघा, कारण रॉक्सीच्या दालनाशी सर्वांत जवळचं नातं त्या लॉबीचं आहे.